पुढची तारीख

विधी रात्री उठली नव्हती. हे चेलनाच्या ध्यानात आलं तेव्हा सकाळचे पावणेसात झाले होते आणि ती उकळलेलं पाणी परातीत ओतून निववत होती. पर्युषणाचा पाचवा दिवस. घरात आठ उपवासांची अठ्ठाई धरलेली मुलगी. तिला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत प्यायचं ते हेच पाणी. अन्नाचा कण नाही, आणि सूर्य बुडाला की पाण्याचा थेंबही नाही. परातीवरून वाफ निघत होती आणि चेलनाला सारखं वाटत होतं की काहीतरी राहिलंय. गॅस, दूध, मागच्या दाराचं कुलूप, ती एकेक आठवत गेली, आणि मग आठवलं ते हे : बाथरूमची कडी वाजली नव्हती. गेली कित्येक वर्षं रोज रात्री ती कडी दोनदा वाजायची, एकदा साडेबाराच्या सुमाराला आणि एकदा तीनला, आणि दोन्ही वेळा चेलना झोपेतच कूस बदलायची. जळगावच्या त्या गल्लीत कुत्री भुंकत, मालगाड्या शिट्ट्या मारत, शेजारच्या घरात नवरा-बायको भांडत, कशानेही तिला जाग यायची नाही. पण कडी वाजली की तिची झोप एक डोळा उघडून बघायची, पोरगी गेली, पोरगी आली, आणि पुन्हा मिटायची. काल रात्री तिने कूस बदलली नव्हती. खांदा एका अंगाने अवघडून दुखत होता, म्हणजे खरंच बदलली नव्हती.

"मम्मी, काल एकदाही उठावं लागलं नाही मला," विधी दारात येऊन म्हणाली. बारावीतली पोर, पण तपाच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये लहान दिसत होती. तिच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच. "काल दुपारपासून लागलीच नाही. इतकं शांत वाटतं ना!" मागून हीराबाईंचा आवाज आला, "तपाचं बळ आहे बेटा. काया सुधरते." हीराबाई म्हणजे चेलनाच्या सासूबाई, त्यांना घरात सगळेच बाई म्हणत, चेलनाही. मग बाईंनी नातीच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. "बघ गं चेलना, कसं तेज आलंय." चेलनाने बघितलं. पापण्या जाड झाल्या होत्या. गाल वर आले होते, गुळगुळीत, ताणलेले. चार दिवस पोटात अन्न नसलेल्या मुलीचा चेहरा भरून आला होता. कालपासून येणारी प्रत्येक बाई हेच म्हणून गेली होती, काय तेज, काय तेज. आणि चेलनानेही हसून मान डोलावली होती, कारण आईने अजून काय करायचं असतं? ती सूज होती. तिला ती काल दुपारीच ओळखू आली होती. अशी सूज तिने पूर्वी बघितलेली होती, आणि एखादा जुना सावकार रस्त्यात दिसावा तसं तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

विधी तीन वर्षांची होती तेव्हा तिला ताप यायचा. ताप येई, जाई, औषधाने उतरे, महिन्याने पुन्हा येई. जळगावात सगळे डॉक्टर झाले, दात येताहेत म्हणाले, पाणी बदललं म्हणाले, दृष्ट लागली असं बाई म्हणाल्या. शेवटी कुणीतरी धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, लहान मुलांचीच ऑपरेशनं करणारे. त्यांनी एका कागदावर दोन घेवड्याचे दाणे काढले, खाली एक पिशवी काढली, आणि पेन उलटं वर नेऊन दाखवलं. लघवी खाली यायची ती पिशवीतून उलटी वर चढते, किडनीत जाते, तिथे जंतू पोचतात, दर तापाला किडनीचा एकेक तुकडा वाळतो. ऑपरेशन झालं. पाच तास चेलना जिन्यात बसली होती, भिंतीच्या त्या हिरव्या रंगाला पोपडे किती हे तिला अजून सांगता येईल. डॉक्टर बाहेर आले, टोपी काढली, म्हणाले, "ताई, झालं. माझं काम एका दिवसाचं होतं, ते झालं. आता तुमचं सुरू. तुमचं रोजचं आहे." तेव्हा तिला ते बोलणं गोड वाटलं होतं. भरपूर पाणी पाजायचं. लघवी तुंबवू द्यायची नाही. दर सहा महिन्यांनी लघवी, रक्त, बी.पी., वर्षातून एकदा सोनोग्राफी. ही मोठी होईपर्यंत, आणि मोठी झाल्यावरही. हिचं लग्न होईल, हिला दिवस जातील, तेव्हाही लक्ष ठेवावं लागेल. प्रत्येक कागदाच्या तळाशी डॉक्टर पुढची तारीख लिहायचे आणि तिच्याभोवती गोल काढायचे, नीट, घाई न करता, एखाद्या मुलीला टिकली लावावी तसा.

सात वर्षं ती त्या गोलांमागून चालली. सकाळच्या बसने धुळे, संध्याकाळच्या बसने परत. नवरा, श्रेयांस, भांड्यांच्या दुकानात. लग्नसराई असली की त्याला मान वर करायला फुरसत नाही आणि तारखा बरोबर लग्नसराईतच यायच्या. घरात सगळ्यांना माहीत होतं, घराबाहेर कुणाला नाही. हे बाईंनीच ठरवलं होतं. "हर्नियाचं ऑपरेशन म्हणायचं. मुलीची जात आहे. उद्या बायोडाटा फिरेल समाजात, तेव्हा कुणी म्हणायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची." चेलनाने मूठ झाकली. सात वर्षं झाकलेली मूठ घेऊन ती बसमध्ये चढली आणि उतरली, ओळखीचं कुणी भेटलं की मावशीकडे चाललोय म्हणाली. धुळ्यात तिची मावशी नव्हतीच, ती नव्हती ती मावशी सात वर्षांत म्हातारी झाली, आजारी पडली, एकदा तर चेलनाने तिच्या मोतीबिंदूची हकीकतही रंगवून सांगितली. आणि शेवटून दुसऱ्या खेपेला डॉक्टर सोनोग्राफीच्या कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "डावी वाढत नाहीये, ताई. उजवीवर सगळा भार आहे. पुढच्या वेळी एक मोठी तपासणी करू, मग बोलू." बोलू. त्या एका शब्दाने चेलनाची सहा महिने झोप खाल्ली.

आणि ती पुढची वेळ आली तेव्हा काय झालं? काहीच झालं नाही, हेच तर झालं. दवाखान्यात लाल खुर्च्या होत्या, तिसऱ्या खुर्चीवर विधी, दहा वर्षांची, पाय हलवत. आणि दारातून नातवाला कडेवर घेऊन झुंबरबाई आत आल्या. झुंबरबाई धुळ्याच्या, पण खानदेशातल्या अर्ध्या समाजाची लग्नं त्यांच्या तोंडून जुळलेली आणि उरलेली अर्धी मोडलेली. "अगं चेलना! तू इथे? कुणाचं?" चेलना म्हणाली, "माझंच. पोटाचं जरा." झुंबरबाईंनी भिंतीवरच्या अस्वलांच्या चित्राकडे बघितलं, चेलनाकडे बघितलं. "हा तर लेकरांचा दवाखाना आहे गं." चोरी पकडली गेली की माणूस पळतो, तशी ती उठली. चुकून आले, समोरच्यांकडे जायचं होतं, असं काहीबाही बोलत तिने विधीचा हात धरला आणि बाहेर पडली. बसस्टँडवर येऊन थांबली तेव्हा तिला धाप लागली होती, आणि धापेच्या खाली, अगदी खाली, तिला बरं वाटत होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, स्वतःलाही फार वर्षांनी सांगितलं : झुंबरबाई आल्या म्हणून ती पळाली नाही. झुंबरबाई आल्या म्हणून तिला पळता आलं. तो कागद, तो जास्त वेळ बघणं, ते "बोलू" आज ऐकायचं नव्हतं. एवढाच एक महिना. पुढच्या महिन्यात येऊ. तिने विधीला कुल्फी घेऊन दिली आणि म्हणाली, "घरी सांगायचं हं, डॉक्टरकाकांनी बघितलं." विधी व्यवहारी पोर. कुल्फी चाटता चाटता तिने विचारलं, "काय म्हणाले असं सांगू?" चेलनाला काहीतरी उत्तर द्यायचंच होतं. "म्हणावं, बरी झालीस. आता यायची गरज नाही." खोटं बोलायचं तर निदान चांगलं बोलावं, एवढाच त्यात हिशेब. घरी आल्यावर विधीने ते शब्दाला शब्द सांगितलं. बाईंनी देवापुढे दिवा लावला, गल्लीत पेढे वाटले, कशाचे हे न सांगता. श्रेयांसने पहिल्यांदा बायकोसमोर डोळे पुसले. आता त्या पेढ्यांतून पुढच्या महिन्याची वाट कशी काढायची? महिना गेला. वर्ष गेलं. ताप आला नाही. मुलगी उंच झाली, नववीत पहिली आली. मग चेलनाला स्वतःलाच आठवायला लागलं, की डॉक्टर तसं म्हणाले होते. त्यांचा आवाजसुद्धा आठवायचा.

फक्त पाण्याचं ती विसरली नाही. घरभर तांबे भरून ठेवायची, डब्यात दोन बाटल्या द्यायची. आणि श्रावणात विधी म्हणाली, "मम्मी, मी यंदा अठ्ठाई करते." तेव्हाच बोलायला हवं होतं. बाई तर हरखूनच गेल्या, "आपल्या घरात तुझ्या आजोबांच्या आईनंतर कुणी केली नाही." चेलना म्हणाली, बारावीचं वर्ष आहे. म्हणाली, अशक्त आहे. म्हणाली, पुढच्या वर्षी कर. जी कारणं कुणीही आई सांगते ती सगळी सांगून झाली. जे एक कारण होतं ते सांगायला गेलं की त्याच्या शेपटाला सात वर्षं बांधलेली. पहिल्या दिवशी सकाळी जैन स्थानकात साध्वींसमोर हात जोडून विधीने पच्चक्खाण घेतलं, उपवासाची प्रतिज्ञा, आणि मागे बसलेल्या चेलनाला वाटलं की आपण उठून ओरडतोय. ती उठली नाही. दिवसभर उकळलेलं पाणी पाजत राहिली. पाजलं की झालं, असं मनाशी म्हणत राहिली.

दहा वाजता कादरभाई आला. सासऱ्यांच्या, मिश्रीलालजींच्या वेळेपासून तो दुकानात भांड्यांवर नावं टाकतो. पारण्याच्या दिवशी, म्हणजे उपवास सुटतील त्या दिवशी, येणाऱ्या प्रत्येकाला स्टीलचा एक पेला द्यायचा असं श्रेयांसने ठरवलं होतं, आणि पहिला पेला दाखवायला कादरभाई घरी आला होता. "देखो भाभी, ठीक आहे ना? मग बाकीचे करून टाकतो." नवा कोरा पेला, त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी : विधी, अठ्ठाई तप. "बेबीला माझ्या डोळ्यासमोर चालायला लागताना बघितलं," तो म्हणाला. "आमच्यात रोजा असतो, पण हे आठ दिवस! अल्ला तिला हिम्मत देवो." चेलनाने पेला हातात घेतला. कादरभाई नावं कोरायचं मशीन चालवतो तेव्हा सुई नीट उमटते की नाही हे आधी बघण्यासाठी भांड्याच्या तळाशी एक गोल काढतो. पेल्याच्या बुडाला तसा एक लहानसा गोल होता, आत काहीच नसलेला. ती त्याच्याकडे बघत राहिली. "भाभी? चुकलं का काही?" ती म्हणाली, "नाही. थांबा जरा बाकीचे करायचे." आणि पेला हातात तसाच घेऊन आत गेली.

बाईंचं बी.पी.चं मशीन कपाटावर होतं. आत बायका स्तवनं म्हणत बसल्या होत्या, विधीच्या हातावर मेंदी निघत होती. चेलना म्हणाली, "बाई, तुमचं बघायचं राहिलंय दोन दिवस. विधी, आधी तुझं लावून बघते, सेल चालतात का." विधीने हसून हात पुढे केला. पट्टा फुगला, सुस्कारला, आकडा आला. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सोळा. चेलनाने पुन्हा लावलं. एकशे ऐंशी. "मशीन बिघडलं वाटतं," ती म्हणाली, आणि तिच्या सबंध अंगाने ती देवाकडे हेच मागत होती, मशीन बिघडू दे. बाईंनी आपला हात पुढे केला. बाईंचं आलं एकशे अठ्ठावीस. मशीन उत्तम होतं. स्तवन थांबलं होतं. विधी म्हणाली, "डोकं तर दोन दिवस दुखतंय, पण तपात दुखतंच ना?" आणि ज्या सासूच्या धाकाने चेलनाने वीस वर्षं पदर सरळ केला होता, ती सासू मेंदीच्या वाट्या बाजूला सारून उभी राहिली. "श्रेयांसला बोलव. गाडी काढू दे. धुळ्याला जायचं."

"पण पच्चक्खाण, बाई," चेलनाच्या तोंडून गेलं. हीराबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू सून आज नव्याने घरात आली. "अगं वेडे, पच्चक्खाणाच्या शब्दांतच आगार, म्हणजे सूट, ठेवलेली असते. जीव घाबरा झाला, औषध घ्यावं लागलं, तर व्रत मोडत नाही. ते देणाऱ्यांना माहीत होतं की घेणारी माणसं आहेत. पोरीचा जीव आधी." त्यांनी स्वतः नवकार म्हणून, कादरभाईच्या त्या नव्या पेल्यात साखर घातलेलं पाणी भरून विधीच्या तोंडाला लावलं. विधी रडत होती, तीनच दिवस राहिले होते म्हणत होती, पण प्यायली, एका दमात प्यायली. चेलना बघत होती. इतकं सोपं होतं? सात वर्षं ज्या दाराला ती पाठ लावून बसली होती ते दार नुसतं लोटलेलं होतं? सांगितलं असतं तर ही म्हातारी त्याच दिवशी दुसऱ्या बसने तिच्याबरोबर धुळ्याला आली असती. या विचाराने तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही; रिकामा पेला हातात धरूनच ती धुळ्याची जुनी फाईल काढायला आत गेली.

बांभोरीच्या पुलाखालून गिरणा गढूळ वाहत होती. श्रेयांस गाडी हाकत होता, मागे मधोमध विधी, एका बाजूला बाई, एका बाजूला चेलना, मांडीवर तो पेला आणि ती फाईल. साड्यांच्या कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलेली फाईल, तिला कापराचा वास लागला होता. "डॉक्टर ओळखतील का आपल्याला?" श्रेयांस म्हणाला. "सात वर्षं झाली. त्यांनीच तर सोडलं होतं." चेलनाने बाहेर बघितलं. आता सांगावं. पाळधी आली. पाळधी गेल्यावर सांगू. केळीच्या बागा मागे जात होत्या, पावसाने धुतलेली पानं चकाकत होती, जगाला काहीही झालेलं नव्हतं. "माझ्यामुळे झालं हे," बाई एकाएकी म्हणाल्या. "मला हौस. माझ्या घरात अठ्ठाई झाली पाहिजे. पोरीला नाही म्हणायला हवं होतं मी, मीच पाठ थोपटली." त्या स्वतःच्या गालावर हलकेच चापट्या मारत होत्या, हिशेबाने, एक, दोन, तीन. सांग आता, चेलना. पण एरंडोलच्या अलीकडे विधीने तोंडावर हात धरला, गाडी थांबली, पद्मालयाच्या फाट्यावरच्या कमानीखाली ती वाकून ओकली, प्यालेलं सगळं पाणी जसंच्या तसं, आणि चेलना तिची पाठ चोळत राहिली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खाली, तिथे तिचे हात आपोआप गेले. "इथे दुखतं का?" विधी मान हलवून नाही म्हणाली. नाही म्हणण्याआधी एक क्षण गेला. तो क्षण चेलनाने बघितला.

धुळ्याच्या त्या दवाखान्यात खुर्च्या आता निळ्या होत्या. अस्वलं तीच. विधीला आत नेलं, रक्त घेतलं, बाई आणि श्रेयांस तिच्याजवळ. चेलनाला बाहेर बसवलं, नाव, पत्ता, जुना नंबर सांगायला. शेजारी साक्रीकडची एक बाई बसली होती, पायांत प्लॅस्टिकच्या चपला, बाजूला बारा-तेरा वर्षांचा मुलगा. "आंडेर शे का तुनी?" तिने विचारलं. लेक तुझीच का, हे कळून चेलनाने मान हलवली. "हाऊ मना आंडोर. दोन महिनाना व्हता तवय आपरेसन व्हयनं." तिने मांडीवरची पिशवी उघडून दाखवली, एकात एक घातलेल्या दोन कॅरीबॅगा, आत कागद, सगळ्या कागदांना सुईदोऱ्याने टाका घातलेला. "तेरा वरीस व्हयनात माय. एक बी तारीख चुकाडी नही. निंदणीना दिन ऱ्हायनात तरी उनू." नर्सने हाक मारली, "ताईबाई, चला," आणि ती मुलाला घेऊन उठली. चेलनाने आपली फाईल उघडली. इंग्रजी छापील, चकचकीत, एकही कागद दुमडलेला नाही. शेवटच्या कागदावर तळाशी तारीख होती, आणि तिच्याभोवती तो गोल. तिने त्यावर अंगठा ठेवला. अंगठा काढला की तारीख तिथेच होती.

डॉक्टर म्हातारे झाले होते. त्यांनी विधीचा चेहरा ओळखला नाही. मग तपासायला तिचा कुर्ता जरा वर केला, ओटीपोटावरच्या त्या आडव्या पांढऱ्या रेघेवर दोन बोटं ठेवली आणि थांबले. "हा माझा टाका आहे," ते म्हणाले. अंगणात हरवलेली वस्तू सापडावी तसे म्हणाले. मग रक्ताचा रिपोर्ट आला, तो त्यांनी दोनदा वाचला. नर्सला म्हणाले, पाणी मोजून. नर्सने चेलनाच्या हातातला पेला घेतला, त्याच्या आतल्या बाजूला पांढऱ्या चिकटपट्टीची एक रेघ लावली, अगदी बुडाजवळ, बाहेरच्या विधीच्या नावाच्याही खाली. "दर दोन तासांनी एवढंच. याच्या वर नाही." चेलनाला हसू येतंय की काय असं वाटलं. चौदा वर्षं ती या मुलीला पाणी पी म्हणत होती.

"दोन्ही किडन्या जवळपास थांबल्यात," डॉक्टर म्हणाले. "आज डायलिसिस लावावं लागेल. पुढचं किडनी बदलायचं वगैरे मग बघू." श्रेयांसने कॉटचा दांडा धरला. बाईंनी हात जोडले, "डॉक्टरसाहेब, माझी चूक. मी उपास करू दिले. पाच दिवसांत पोरीचं..." डॉक्टरांनी मान हलवली. "आजी, पाच दिवसांनी किडनी जात नाही. उपासाने फक्त ते आज दिसलं. ही सात-आठ वर्षं हळूहळू जाते, आवाज न करता. म्हणून तर बोलवतो आम्ही." त्यांनी जुनी फाईल ओढली, चष्मा खाली घेतला. "शेवटची तपासणी कधी झाली? मी पुढची तारीख दिलेली दिसते. मोठा स्कॅन करायचा होता. नंतरचे कागद कुठे आहेत?"

"तुम्हीच तर सोडलं होतं ना साहेब," श्रेयांस म्हणाला. "बरी झाली म्हणून." डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, मग चेलनाकडे. खोलीत पंखा फिरत होता. उघडायची मूठ आता, सव्वा लाखाची. आत काय होतं ते सगळ्यांनी बघायचं. तेवढ्यात कॉटवरून विधी बोलली.

"डॉक्टरकाका, मीच येत नव्हते. मम्मी दर वर्षी म्हणायची. मला सुईची भीती वाटायची, म्हणून मीच पप्पांना आणि बाईला सांगितलं की बरी झाले. मम्मीला मी शपथ घातली होती." सुजलेल्या पापण्या खाली, आवाज सरळ. एकही शब्द अडखळला नाही. दहा वर्षांच्या पोरीने कुल्फी चाटत पाठ केलेलं तिने आज, न विचारता, पुढे वाढवलं होतं. डॉक्टरांनी पेन उघडलं आणि लिहायला घेतलं. त्या कागदावर आता ते उमटणार होतं, पेशंट स्वतः येत नव्हती, आणि मग ते कायमचं खरं होणार होतं, पेढ्यांसारखं, मावशीच्या मोतीबिंदूसारखं. बाई कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अगं पोरी, अगं पोरी, असं का केलंस." सुटली होती चेलना. नुसतं गप्प बसायचं होतं; त्याचा तर तिला केवढा सराव.

"ते खोडा, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "ती खोटं बोलतेय. मी आणलं होतं तिला त्या तारखेला. बाहेर बसलो होतो, तिसऱ्या खुर्चीवर. तुम्हाला न भेटताच मी तिला घेऊन गेले. बरी झाली हे मी सांगितलं. तुम्ही काय सांगाल याची मला भीती वाटत होती, म्हणून मी आलेच नाही. सात वर्षं. घरात कुणालाच माहीत नाही. फक्त मला आणि हिला." ती श्रेयांसकडे बघू शकली नाही. बाईंचा हात विधीच्या पायावर होता, तो तिथेच राहिला, फक्त चोळायचा थांबला. डॉक्टरांनी लिहिलेली ओळ खोडली. एक रेघ मारली, दुसरी मारली, खाली नवी ओळ लिहिली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला निदान मान खाली घालून उभं राहता आलं असतं. "सही करा," ते एवढंच म्हणाले. "डायलिसिससाठी आईवडिलांची सही लागते." श्रेयांसने सही केली आणि पेन तिच्या हातात न देता कागदावर ठेवलं. मग तो बाहेर गेला. बाई त्याच्यामागून गेल्या, भिंतीला हात लावत.

नर्स म्हणाली, तयारीला अर्धा तास आहे, दोन तास झालेत, पाणी द्या तिला. चेलनाने पेला घेतला आणि चिकटपट्टीच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. आत वाकून बघितलं. एक थेंब जास्त झाला होता, तो तिने बोटाने टिपून काढला. विधीने दोन घोटांत ते संपवलं, पेला पालथा करून जिभेवर धरला, मग परत दिला. तिच्या मेंदीचा रंग अजून चढला नव्हता, वाळलेले पोपडे चादरीवर पडत होते. "कमरेत कधीपासून दुखतंय?" चेलनाने विचारलं. आता विधी नाही म्हणाली नाही. "दिवाळीपासून. पाठीपासून खाली." "मग बोलली का नाहीस गं मला?" विधीने भिंतीकडे तोंड केलं.

"बोलले असते तर डॉक्टरकडे यावं लागलं असतं ना," ती म्हणाली. "मग बाईला कळलं असतं. तू का सांगितलंस, मम्मी? मी कध्धी कुणाला सांगितलं नव्हतं."